पाचवी फरशी

गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळ्यांच्या तोंडी फौजी. वीस वर्षं फौजेत काढल्यावर ते साहजिकच आहे, पण ही हाक मी सगळ्यात जास्त ऐकली ती पंगतीत, हातात बादली असताना. "फौजी, इकडं वरण!" "फौजी, भात संपला रं!" सुटून घरी आलो तेव्हापासून अकरा वर्षं गावात झालेल्या प्रत्येक जेवणावळीत मी वाढलं आहे. लग्नं, बारशी, देवळाचा भंडारा, एवढंच काय, तेराव्याची जेवणंसुद्धा. भिवपुरी स्टेशनावर उतरून डोंगराकडं चालू लागलं की आमचं गाव लागतं. त्या सगळ्या पट्ट्यात माझ्यासारखा वाढपी नाही. हे मी नम्रपणानं सांगत नाही, कारण तो माझ्यात नाही.

वाढायलाही शिस्त लागते. मीठ, लिंबू, चटणी पानाच्या डाव्या अंगाला, भाजी उजव्या. भात पडला की वरणाची बादली दहा पावलांच्या आत मागं आली पाहिजे. कोरड्या भाताकडं बघत बसलेला पाहुणा म्हणजे यजमानाची अब्रू गेली. पापडवाल्यानं पळायचं नाही, जिलबीच्या परातीवर ज्याला गोड आवडत नाही असा माणूस ठेवायचा. दोनशे पानं मी वीस मिनिटांत वाढून दाखवली आहेत. माझी बायको म्हणते, "सरकारनं यांना लढाईवर नाय, लग्नावर पाठवायला पायजे होतं."

लोक कौतुक करत. स्वतः उपाशी राहून गावाला जेवू घालतो, असं भाषणात एकदा सरपंचांनी सांगितलं आणि नारळ दिला. मी नारळ घेतला. खरं सांगायची ती वेळ नव्हती. खरं असं, की मी गावासाठी वाढत नव्हतो. वाढणाऱ्याला बसावं लागत नाही, म्हणून वाढत होतो.

पंगतीत बसलेल्या माणसाच्या पाठीमागं काय असतं, याचा तुम्ही कधी विचार केला नसेल. करायचं कारणच काय? दोन ओळी समोरासमोर बसतात, मधून वाढपी फिरतात. पण त्या ओळींच्या मागं पुन्हा दुसऱ्या ओळी असतात, पाठीकडं पाठ करून. मधल्या बोळातून पोरं पळतात, कुणी पाण्याचा जग घेऊन जातो, एखादं कुत्रं वास घेत फिरतं. माणसं खाली मान घालून जेवतात आणि मागं काय चाललंय ते त्यांना ठाऊक नसतं. मला ते जमत नव्हतं. उभ्या माणसाला चारी बाजू दिसतात.

याचं कारण एकदाच सांगतो. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. उत्तरेकडचा डोंगर, दुपारची वेळ, ऊन छान पडलेलं. दोन दिवसांनी गरम जेवण मिळालं होतं म्हणून खुशीत होतो. मी मधे होतो. माझ्या डाव्या हाताला बसलेला पंजाबातला गडी त्याच्या आईच्या हातच्या लोणच्याबद्दल सांगत होता. गोळी मागून आली आणि त्याचं बोलणं तिथंच राहिलं. मला खरचटलंसुद्धा नाही. पुढं जे करायचं ते आम्ही केलं, त्याबद्दल मी कुणापाशी बोलत नाही. मात्र त्या दिवसापासून पाठ उघडी टाकून माझ्या घशाखाली घास उतरेना. ही भीती डोक्यात असती तर मी तिला समजावलं असतं. डोक्याला सगळं कळतं. डोकं सांगतं, अरे, हे तुझं गाव आहे, मागं बसलाय तो तुझा सख्खा चुलता आहे आणि त्याच्या हातात पापड आहे. पाठ ऐकत नाही.

सुटण्याआधी मला एका डॉक्टरबाईंपुढं बसवलं होतं. शांत बाई. त्यांनी झोपेचं विचारलं, रागाचं विचारलं, मग म्हणाल्या, "खाना खाते वक़्त पीठ किधर रहती है?" मी म्हटलं, "दीवार की तरफ, मॅडम." इतकं नेमकं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, दीवार से थोड़ा-थोड़ा दूर बैठना सीखो, अकेले नहीं, किसी अपने के साथ. जल्दी नहीं, पर रुकना भी नहीं. मी कडक "जी मॅडम" म्हणून बाहेर पडलो आणि घरी येऊन अकरा वर्षं थांबलो.

ती वर्षं दुःखाची होती असं मात्र कुणी समजू नये. नेरळला एका मोठ्या सोसायटीत पहारेकऱ्यांच्या वरचा माणूस म्हणून मला नोकरी लागली. पोरगी शिकत होती, शेतात भात आणि वाल पिकत होता, संध्याकाळी देवळाच्या पारावर गप्पा होत्या. फक्त जेवायचं म्हटलं की मी भिंत शोधायचो. घरी कोपऱ्यात पाट, नोकरीवर केबिनच्या कोपऱ्यात डबा, स्टेशनाबाहेर वडापाव घेतला तर विजेच्या खांबाला पाठ. परगावच्या लग्नात वाढायला मिळत नसे, तिथं मी पोट बिघडल्याचं सांगायचो. एवढ्या वेळा सांगितलं की बायकोच्या मामानं मला कळवळून एका वैद्याची पुडी आणून दिली. मी ती घेतलीसुद्धा. पोट त्यानंतर खरंच बिघडलं.

मुलगी आठवीत होती तेव्हा तिनं 'माझे बाबा' निबंध लिहिला. "माझे बाबा सर्वांना वाढतात व नंतर उभ्याने जेवतात. मी त्यांना पंगतीत बसलेले कधी पाहिले नाही. ते शूर आहेत." खाली बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं, "छान. बाबांना बसायला सांग." मी खूप हसलो. बायको हसली नाही. तिला तेवढं ठाऊक होतं, गावात बाकी कुणाला नाही. निदान माझी तशी समजूत होती.

मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगा खोपोलीला कारखान्यात, घर लोधिवलीकडं, शेतकरी माणसं. गेल्या दिवाळीनंतर बैठकीला ते आमच्या ओटीवर आले. मुलाचे वडील म्हणजे दणदणीत आवाजाचा माणूस, हसले की ओटीवरचं मांजर उठून जात होतं. चहा झाला, पोहे झाले. देण्याघेण्याचं विचारावं लागतं म्हणून मी विचारलं.

"आमाला काय नको," व्याही म्हणाले. "पोरगी द्या, झालं. पन एक मागणी हाय माजी."

मी सरसावून बसलो. मनात म्हटलं, आता निघतंय.

"जेवण पंगतीनं झालं पायजे. ते ताट घेऊन रांगेत उभं रायचं, ते आपल्याला नाय जमत. आन् पंगतीत तुमी नि मी शेजारी बसून जेवायचं."

मी गार पडलो. हुंडा मागितला असता तर पोलिसात तरी जाता आलं असतं. ही मागणी घेऊन कुठं जाणार? मी जमेल तेवढा प्रतिकार केला. म्हटलं, आजकाल बुफे बरा पडतो, माणसं सुटसुटीत जेवतात, गुडघेदुखीवाल्यांना त्रास नाही. एरवी बुफेला मी भिकेची रांग म्हणतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक. बायकोनं पदर तोंडाला लावला. मग मी रीत काढली. म्हटलं, "मुलीच्या बापानं वाढायचं असतं हो. बसायचं नसतं."

"ती तुमच्याकडची रीत," व्याही म्हणाले. "आमच्याकडं दोन्ही व्याही एका पंगतीत बसतात. नाय बसलं तर लोक म्हणतात, कायतरी बिनसलंय. पोरीला सासरी आल्यावर तेच ऐकाया लागतं. कशाला तिच्या मागं लावायचं?"

आतल्या दारात मुलगी उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. आठवीतला निबंध तिला आठवत होता की नाही, मला माहीत नाही, पण मला आठवत होता. मी म्हटलं, "बसू. शेजारी बसू."

पाहुणे गेले. मी डोक्याला हात लावून बसलो. बायकोनं कपबश्या गोळा करता करता खाली बघितलं आणि म्हणाली, "फरशा मोजा."

"कसल्या?"

"आपल्या घरातल्या. भिंतीपासनं मधापर्यंत. त्या डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं होतं?"

आमच्या माजघरात शहाबादी फरशी आहे, हातभराहून मोठे चौकोन. भिंतीला लागून पहिली. तिथून मोजत आलं की पाचवी फरशी बरोबर मधे येते. तिथं बसलं की मागं भिंत नाही, डावीकडं दार नाही, माणूस सगळ्या बाजूंनी मोकळा. लग्न माघात होतं, हातात तीन महिने. तिनं हिशेब बांधला, पंधरा दिवसांना एक फरशी, शिवाय वर सवड. आणि नियम असा, की मी जेवत असताना तिनं माझ्या मागून ये-जा करायची. मी म्हटलं, हे तर रिक्रूटांसारखं झालं. ती म्हणाली, "मंग? आता मी साहेब."

दुसऱ्या फरशीपर्यंत मौज होती. तिसरीवर आलो आणि पहिल्याच दिवशी ती मागून पातेलं घेऊन गेली तेव्हा माझ्या हातातली आमटीची वाटी उडाली, ती थेट भिंतीवरच्या कालनिर्णयावर. संकष्टी पिवळी झाली. मग तिनं युक्ती काढली. मागं यायच्या आधी ती तोंडानं हॉर्न द्यायची. "पों पों! गाडी येतेय वो मागनं!" मी हसायचो आणि हसता हसता घास गिळायचो. पंधरा दिवस आमच्या घरात असा घाटरस्ता चालला होता. शेजारीण एकदा खिडकीतून विचारून गेली, नातवंड आलं का म्हणून.

चौथ्या फरशीवर तिनं हॉर्न बंद केला. नुसत्या बांगड्या. मग एक दिवस बांगड्याही वर सारल्या आणि अनवाणी, बिनआवाज मागून गेली. मला ती दिसली नाही, ऐकूही आली नाही, तरी पाठीला समजलं. मी उठलो. पान तसंच टाकून मोरीपाशी जाऊन उभा राहिलो, घामानं बनियन भिजलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ती म्हणाली, होईल. मला राग आला. तिचा नाही, माझाच. हा इतका मोठा गडी, ज्यानं काय काय पाहिलं, तो आपल्याच घरात, बायकोच्या पावलाला भितो? मी तिला सांगितलं, लग्नाची सुट्टी जमवायचीय म्हणून दोन पाळ्या करतोय, जेवण तिकडंच होईल. धडधडीत खोटं. तीन आठवडे मी केबिनच्या कोपऱ्यात डबा खाल्ला. पाचवी फरशी तशीच राहिली.

आणि मी दुसरा डाव टाकला. आमचा मंडपवाला माझ्या शाळेतला दोस्त. त्याचं नेरळला दुकान, मंडप, भांडी, सतरंज्या, सगळं त्याच्याकडचं. घराणं कोकणी मुसलमानांचं, मूळ खाडीकडचं, पण तीन पिढ्या इथल्याच लग्नांत गेल्या, त्यामुळं कुणाच्या मांडवात कोण रुसतं ते त्याला भटजींपेक्षा जास्त ठाऊक. त्याला गाठून मी म्हटलं, "व्याही मंडळींची ओळ कनातीला लावून घे. म्हणजे आमच्या मागं कनात आली पायजे." कनात म्हणजे मांडवाच्या कडेचा कापडी पडदा.

"का रं?"

"मान असतो तो," मी ठोकून दिलं.

त्यानं माझ्यामागच्या भिंतीकडं एकदा बघितलं. "बरं," म्हणाला.

मी खूश. वीस वर्षं ज्यानं मोर्चे बांधले त्या माणसानं कापडाला भिंत समजावं, याला काय म्हणावं? पण समजलो खरा. गरज असली की माणूस दोरीलाही खांब म्हणतो.

लग्न घरासमोरच्या शेतात झालं. भात निघाला होता, जमीन चोपून सारवून घेतली होती, पलीकडच्या बांधावर वालाच्या शेंगा लोंबत होत्या. अक्षता पडल्या. मुलगी सुंदर दिसत होती, हे मी बाप म्हणून म्हणत नाही, फोटोवाला पण म्हणाला. दोन वाजता पंगत बसली. कनातीला लागून पहिली ओळ, त्यात मी आणि शेजारी व्याही. समोरच्या ओळीत नवरानवरी, मुलगी बरोबर माझ्यासमोर. पत्रावळी पडल्या. मीठ, लिंबू, चटणी. मी बसल्या जागेवरून नजरेनं वाढप्यांना झापत होतो. वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. पाठीला कापड लागत होतं आणि मला बरं वाटत होतं. वाटलं, लढाई जिंकली.

पण मी एक गोष्ट विसरलो होतो, जी वाढप्यानं तरी विसरू नये. कनातीच्या पलीकडं चुली होत्या. दोनशे माणसांचा स्वयंपाक तिकडं, आचारी तिकडं, पातेली तिकडून ओढली जाणार. डोंगरावरून वारा आला, कनात फुगून माझ्या खांद्यावर आली आणि मागं सरली. मग कापडामागं पावलं वाजली. कुणीतरी जड काहीतरी ओढत होतं. दिसत काही नव्हतं. कापड पाठीला लागत होतं आणि कापडामागं माणूस होता. यापेक्षा उघडं मैदान बरं. मी पानाकडं बघत राहिलो. भात पडला, वरण पडलं. आणि आचाऱ्याचं कोपर कापडातून माझ्या पाठीत लागलं.

ते कोपर होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मला सगळं कळतं. तरी मी पाच पावलं लांब उभा होतो आणि माझ्या हातात वरणाची बादली होती. ती कुणाच्या हातून घेतली ते आजही आठवत नाही.

"बसा, बसा," मी ओरडलो, "सावकाश होऊ द्या! कुणाला वरण?" आणि वाढू लागलो. आवाज माझाच, पण तो फाटला होता.

कुणी जेवेना. व्याह्यांनी हात पानावरून मागं घेतला होता. त्यांचा तो दणदणीत आवाज आला, "तुमी बसल्याबिगार मी घास उचलणार नाय." ते उचलत नाहीत म्हणून त्यांची ओळ थांबली, ओळ थांबली म्हणून मांडव थांबला. दोनशे पानांवर गरम भात आणि दोनशे माणसं माझ्याकडं बघतायत. कुणीतरी पुटपुटलं, "काय बिनसलं?" दुसरा म्हणाला, "मुलीचा बाप रुसला वाटतं." जे होऊ नये म्हणून सगळं केलं, तेच. मी मुलीकडं बघितलं. मुंडावळ्यांच्या आडून ती माझ्याकडं बघत होती. तिला राग आलेला नव्हता. ती माझ्यासाठी घाबरली होती, आणि ते मला सहन झालं नाही. लग्नाच्या दिवशी पोरीनं बापाची काळजी का करावी?

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं माझी बायको आली. हिरवी साडी, नाकात नथ, घाई अजिबात नाही. तिनं माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि मंडपवाल्याच्या हातात दिली, जो नेमका तिथंच उभा होता.

"चला," ती म्हणाली. "पाचवी फरशी राहिली हाय आपली."

"इथं कुठं फरशी?" मी म्हटलं.

तिनं माझा हात धरला, कनातीपाशी नेलं आणि तिथून सारवलेल्या जमिनीवर पावलं टाकत निघाली. दोनशे माणसांदेखत मोठ्यानं मोजत. "एक. दोन. तीन. चार." मधल्या ओळीपाशी थांबली. "ही पाचवी. सरका वो पावणं जरा, दोन पानं मांडायची हायत." माणसं सरकली. व्याही एक अक्षर न विचारता उठले, स्वतःची पत्रावळ भातासकट दोन्ही हातांवर उचलली आणि वरण सांडत आमच्या मागं आले.

मी बसलो. मागं काही नाही. चारी बाजू मोकळ्या. पाठ ताठ झाली, मानेवर काटा आला. मी पुन्हा उठणार, हे मला ठाऊक होतं. आणि मग माझ्या पाठीला पाठ लागली.

ती मागच्या ओळीत बसली होती. पुरुषांच्या ओळीत, माझ्याकडं पाठ करून, अगदी टेकून. त्या ओळीत माझा चुलता होता. तो दचकून म्हणाला, "आगं, ही बाप्यांची पंगत हाय!"

"मंग बाप्यावानी वाढा मला," ती म्हणाली. "सकाळपासनं उपाशी हाय मी."

नवरीच्या आईनं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं असतं. तिनं पहिल्या पंगतीत पुरी मागितली. आणि विहीणबाई बायकांतून उठून आल्या. "ईन बसली तर मी का म्हणून थांबू?" म्हणत तिच्या शेजारी बसल्या. त्यांच्या मागं त्यांची जाऊ, तिच्या मागं माझी बहीण. पाच मिनिटांत आमच्या गावाची शंभर वर्षांची पंगत विस्कटली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मंडपवाला पत्रावळ्या मांडत पळत होता. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "तुला काय वाटलं, मानाचं ऐकून मी गप्प बसलो? त्याच दिवशी वैनीला फोन लावला. आरं, अकरा वर्षं भिंतीला पाठ लावून चहा पितोस माज्या दुकानात. माज्या डोळ्यांवर काय कनात हाय?"

व्याही पानावर खाली बघत हळू म्हणाले, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, चार ओळींना ऐकू गेलं असेल. "चार वर्सांमागं तुमच्या देवळाच्या भंडाऱ्याला आलो होतो मी. तुमी मला जिलबी दोनदा वाढलीत. सगळी जेवली, आन् तुमी मागं उभ्यानं गार भात खाल्लात. का ते मला म्हाइत नाय, सांगू पन नका. पन तवाच म्हटलं होतं, या माणसाला एकदा बसवून वाढायचा. सोयरीक मागनं जुळली."

मी घास घेतला. मागं तीही घास घेत होती, ते मला पाठीतून कळत होतं. तिनं पापड मोडला तो मला कानांनी नाही, पाठीनं ऐकू आला. आजवर त्या पाठीनं एकच गोष्ट ऐकली होती. आता पापड ऐकत होती, विहीणबाईंच्या विनोदावर बायको हसली तर ते हसणं तिच्या पाठीतून माझ्यात येत होतं आणि मीही कारण नसताना हसत होतो. वरणभात, वर तुपाची धार. किती साधं जेवण, आणि मी ते अकरा वर्षं बादलीतून दुसऱ्यांना देत आलो. मला फार आनंद झाला. तो पंजाबचा गडी आठवला, त्याच्या आईचं लोणचं आठवलं, आणि तरीही घास खाली गेला. मी पानातली लोणच्याची फोड त्याच्या नावानं खाल्ली.

पाठ पूर्ण शहाणी झाली, असं नाही. हॉटेलात अजून माझी नजर आधी भिंत शोधते आणि बायको अजून मागून येताना कधीकधी हॉर्न देते. पण जेवतो आम्ही घराच्या मधोमध, पाचव्या फरशीवर.

त्या दुपारी मात्र मी एक गोष्ट केली, तिच्यावरून गाव अजून मला चिडवतं. पानातलं वरण संपलं, भात कोरडा राहिला. मी वर बघितलं. वाढपी नवीन पोरं, सगळी भलत्याच टोकाला. दहा पावलांचा नियम कुणाच्या लक्षात नाही. आणि अकरा वर्षं ज्या हाकेला मी धावत गेलो, ती माझ्या तोंडून निघाली, परेड ग्राउंडवरच्या आवाजात. "इकडं वरण!"

सगळा मांडव हसला. पोरं धावायच्या आधी नवरानवरीच्या ओळीतून माझी मुलगी उठली. मुंडावळ्या मागं सारल्या, शालू कमरेला खोचला, मंडपवाल्याच्या हातून बादली घेतली आणि आली. तिनं आधी डाव्या अंगानं वाढलं, तेही भाताच्या बाहेर, अर्धं चटणीत. साफ चुकीचं. मी तो भात तसाच कालवला.

"अजून वाढू, बाबा?" तिनं विचारलं.

"वाढ," मी म्हटलं.

मागून बायको मान न वळवता म्हणाली, "त्यांचं झालं की मला बी वाढ गं."